बार्सिलोनाजवळ आई आणि लहान मुलासाठी कुठला बीच?

मीनल_भ
२३ जूनला संध्याकाळी बार्सिलोनाला पोचतोय. सोबत आई (गुडघ्यांचं दुखणं, वाळूत फार चालवत नाही) आणि सहा वर्षांचा मुलगा, जो पाणी दिसलं की कुणाचं ऐकत नाही. मुक्काम पासेज द ग्रासियाजवळ, गाडी भाड्याने घेणार नाही. एक अख्खा दिवस समुद्रावर काढायचाय. सगळीकडे शहरातल्या बार्सिलोनेता बीचचंच नाव वाचतेय. तिथेच जावं की ट्रेनने बाहेर पडावं? सिट्जेसचे फोटो बघून फार मोह होतोय.

समुद्रपक्षी
बार्सिलोनेता संध्याकाळी फेरी मारायला छान. दिवसभरासाठी नको, गर्दी खूप आणि पोहायला गेलात की सामानावर कुणीतरी बसायला हवं. त्यापेक्षा ओकाता. प्लासा कातालुन्याहून आर-१ लाइनची ट्रेन, अर्ध्या तासाच्या आत पोचता. ट्रेन समुद्राला अगदी खेटून जाते आणि स्टेशनबाहेर पडलं की समोर वाळूच.

जुना_बार्सिलोनाकर
ओकाता माझाही आवडता, पण मीनलताई, या मुलाला घेऊन तिथे जाऊ नका. तिथे वर्षानुवर्षं राहिल्यामुळे जरा ठासून सांगतो. शहराच्या उत्तरेचा मारेस्मेचा किनारा जाड्याभरड्या वाळूचा आहे. ती ग्रॅनाइटची झीज होऊन आलेली. अशी वाळू उतार तीव्र ठेवते, त्यामुळे चार पावलांत मोठ्या माणसाच्याही छातीपर्यंत पाणी येतं. पोहणाऱ्यांना ते हवंच असतं. लहान मुलाच्या मागे धावणाऱ्या आईला नाही.

दक्षिणेला उलटं. ल्योब्रेगात नदीने आणून टाकलेली बारीक वाळू, म्हणून उतार अगदी संथ. कास्तेलदेफेल्सला जा. सुमारे पाच किलोमीटरचा रुंद किनारा आहे, मुलगा बराच आत गेला तरी पाणी कमरेच्या आसपास. विमानतळ जवळ असल्याने डोक्यावरून विमानं जातात. मोठ्यांना आवाज खटकतो, सहा वर्षांच्या मुलाला बहुधा तेच जास्त आवडेल!

ट्रेन तुमच्या दारातूनच आहे: पासेज द ग्रासियाहून आर-२ सूद. फक्त 'कास्तेलदेफेल्स' स्टेशनला उतरू नका, ते गावात आहे. पुढचं 'प्लाज्जा दे कास्तेलदेफेल्स' हे किनाऱ्याचं. आईंच्या गुडघ्यांसाठी हा फरक मोठा आहे. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, फलाटावरच्या बोर्डवर नाव बघूनच चढा.

सिट्जेस दिसायला या सगळ्यांत देखणं, दगडी बांधांमुळे तिथले छोटे बीच शांतही असतात. पण स्टेशनपासून गल्ल्यांतून बरंच चालावं लागतं. आईंची तयारी असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा, त्याच लाइनवर पुढे आहे.

आणि २४ला समुद्रावर जायचं ठरवू नका. २३च्या रात्री सांत जोआनचा सण असतो. रात्रभर किनाऱ्यावर फटाके, शेकोट्या आणि तुफान गर्दी. सकाळी पालिकेच्या यंत्रांनी वाळू साफ करणं चालू असतं, शिवाय त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी. २५पासून पुढचा, शनिवार-रविवार नसलेला दिवस निवडा.

मीनल_भ
२३ तारखेचं माहीतच नव्हतं, बरं झालं सांगितलंत! आईला पाण्यात पाय तरी बुडवायचेत. वाळू ओलांडून पाण्यापर्यंत न्यायची काही सोय असते का?

जुना_बार्सिलोनाकर
आईंसाठी मग एक वेगळी सकाळ ठेवा आणि नोव्हा इकारियाला जा. १९९२च्या ऑलिंपिकसाठी कारखाने आणि रेल्वेचे रूळ हटवून शहराचा हा किनारा मोकळा केला, त्यातलाच हा बीच. उन्हाळ्यात तिथे अपंग आणि ज्यांना चालणं कठीण जातं अशांसाठी मदतनीसांची सेवा असते. पाण्यात तरंगणाऱ्या खास खुर्चीत बसवून थेट समुद्रात नेतात. दिवस आणि वेळा पालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या, मोसमाच्या सुरुवातीला त्या वेगळ्या असतात. एल-४ मेट्रोने सिउतादेया विला ओलिंपिकाला उतरायचं.

समुद्रपक्षी
वाळूचं मला ठाऊक नव्हतं, पण ओकाताला पाणी एकदम खोल होतं हे खरं. मीनल, कुठेही गेलात तरी आधी झेंडा बघा. पिवळा असेल तर मुलाचा हात सोडू नका, लाल असेल तर पाण्यात उतरूच नका. आणि जीवरक्षकाला 'मेदुसा आहेत का' एवढं विचारा, म्हणजे जेलीफिश. असतील तर तो स्वतःच सांगेल कुठल्या बाजूला जाऊ नये.