सिंकखालचं कचरा दळणारं यंत्र: बसवायला माणूस कसा निवडलात?

यंत्र घ्यायचं घरात ठरलंय. कोणतं घ्यावं, अर्ध्या अश्वशक्तीचं की पाऊण, यावर सांगणारे पुष्कळ भेटले. ते बसवायला कोणाला बोलवायचं, हे विचारलं की मात्र सगळे गप्प. विकणारा म्हणतो आमचा माणूस येईल. नेहमीचा प्लंबर म्हणतो, तासाभराचं काम आहे, त्यात काय विचारायचं! वायरमन म्हणतो, प्लंबरने केलेल्या वायरिंगला मी हात लावणार नाही.

तर ज्यांच्याकडे बसलंय त्यांनी लिहा. माणूस कसा निवडला, आधी काय विचारलं, कुठे फसलात. कंपन्यांची आणि माणसांची नावं नकोत, नाहीतर धागा तिकडेच वाहवत जाईल.

ओला कप्पा

आमच्याकडे खरोखरच तासाभरात झालं. माणूस चटपटीत, बोलायला गोड, जाताना फरशी पुसून गेला. तीन आठवड्यांनी सिंकखालच्या कपाटाचं दार नीट लागेना. वाकून पाहिलं तर तळाची फळी फुगून वर आलेली.

थेंब सिंकच्या भोकातल्या कडीपाशी गळत होता. त्याने कडीखाली नेहमीची प्लंबरची पुट्टी लावली होती. स्टीलच्या सिंकला ती चालते, पण आमचं सिंक दगडी चुऱ्याचं. पुट्टीतलं तेल दगडात मुरतं आणि डाग पडतो. तो डाग अजून आहे, थेंब बंद झाला तरी. अशा सिंकला रबरी गॅस्केट किंवा सिलिकॉन लागतं, हे मला दुसऱ्या माणसाने सांगितलं. पहिल्याने "सिंक कशाचं आहे?" एवढंही विचारलं नव्हतं.

या दुसऱ्याची तपासणी बघण्यासारखी होती. पहिल्याने नळ मिनिटभर सोडला आणि "बघा, कोरडं" म्हणून मोकळा झाला. याने बूच लावून सिंक काठोकाठ भरलं. आधी तसंच थोडा वेळ ठेवून खालून कडीभोवती कोरडा टिशू पेपर फिरवला. मग बूच काढून सगळं पाणी एकदम सोडलं, यंत्र चालू केलं आणि प्रत्येक जोडाला नवा कागद लावून पाहिला. बोटाला ओल कळत नाही, कागदाला कळते. आता मी कोणालाही एकच प्रश्न विचारते, "गळती कशी तपासता?" उत्तरादाखल नळाकडे बोट दाखवलं की पुढचा नंबर फिरवायचा.

पान्हा-पक्कड

मी स्वतः बसवलं. यंत्र सात-आठ किलोचं. उताणं पडून एका हाताने ते छताला धरल्यासारखं वर धरायचं आणि दुसऱ्या हाताने कडी फिरवायची. शेवटी खाली रंगाचा डबा आणि त्यावर पुस्तकं रचली. बसलं, गळत नाही. पण वॉरंटी कार्डावर "अधिकृत तंत्रज्ञाकडून बसवलेलं असावं" अशी ओळ होती, ती बसवून झाल्यावर वाचली.

भांडी तशीच

आमचा किस्सा छोटा आहे. यंत्र बसलं आणि त्या रात्रीपासून डिशवॉशरमधलं पाणी जाईना. डिशवॉशरवाल्या तंत्रज्ञाला बोलावलं, त्याने मशिन पूर्ण खोलून पाहिलं, काहीच बिघाड नाही. दोष या यंत्रात होता. डिशवॉशरची नळी जिथे जोडतात तिथे आतून प्लास्टिकची चकती असते. डिशवॉशर असेल तर ती बसवण्याआधी ठोकून पाडायची आणि आत पडलेला तुकडा बाहेर काढायचा. आमच्या माणसाने बंद तोंडावरच नळी चढवून क्लिप आवळली होती! "डिशवॉशर आहे का?" हे जो आपणहून विचारत नाही, त्याने ही यंत्रं फारशी बसवलेली नाहीत असं समजा.

वायरमनच्या बाजूने

मी या धंद्यात आहे, विजेच्या बाजूचा. धागाकर्त्या ताईंनी वायरमनला जरा नावं ठेवलीत म्हणून लिहितो.

या कामाला दोन माणसं लागतात, किंवा दोन्हीचा परवाना असलेला एक. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते. ओव्हन आणि किटलीच्या लायनीवरच ती टाकली की एमसीबी, म्हणजे तारेला झेपेना एवढा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच, पडत राहतो, आणि मग कोणीतरी शहाणा मोठा एमसीबी बसवून देतो. तार मात्र तीच राहते. माझ्या मते हा सगळ्यात वाईट प्रकार. वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून तोडणारं आरसीसीबी, हे तिन्ही हवं. ओल्या जागी पाणी आणि वीज हातभर अंतरावर असतात.

प्लंबर "वायर मीच जोडून देतो" म्हणाला तर तीन गोष्टी बघा. सॉकेट पाइपच्या जोडाच्या बरोबर खाली नको. यंत्रात वायर शिरते तिथे ती क्लॅम्पने पकडलेली हवी, नुसती भोकातून आत घातलेली नको, कारण यंत्र रोज थरथरतं आणि धातूची कड वायर कापते. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. बटण लांब नेणं शक्य नसेल तर हवेचं बटण मागा. ते दाबलं की बारीक नळीतून हवेचा दाब खाली जातो आणि खालचा स्विच चालू होतो. ओल्या हाताजवळ वीज येतच नाही.

आणि हो, प्लंबरने केलेल्या वायरिंगला मीही हात लावत नाही. त्यात नंतर काही झालं तर नाव माझं येतं.

फोटो-भाव

सगळीकडे वाचलं होतं की जो घरी येऊन पाहत नाही त्याला काम देऊ नका. माझा अनुभव थोडा वेगळा.

तिघांना विचारलं. पहिल्याने फोनवरच आकडा सांगितला. दुसऱ्याने तीन फोटो मागितले: सिंक वरून, कपाट उघडून आतला सगळा पसारा, आणि भिंतीत पाइप जातो तिथे टेप धरून. तिसरा प्रत्यक्ष आला, उभ्यानेच कपाटात डोकावला आणि आकडा सांगून गेला. मी तिसऱ्याला होकार देणार होते, आला होता म्हणून. तेवढ्यात दुसऱ्याचा निरोप: "तुमचा भिंतीतला पाइप उंच आहे. यंत्राचं तोंड त्याच्या खाली येईल. पाइप खाली घ्यावा लागेल, त्याचे वेगळे पैसे, आत्ताच सांगतो."

साध्या जाळीचं सिंक असतं तेव्हा ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा वाकडा पाइप, बराच वर बसतो. यंत्र मध्ये आलं की बाहेर जाण्याचं तोंड बरंच खाली सरकतं. भिंतीतलं तोंड त्याहून वर असेल तर पाणी चढ चढत नाही, यंत्राच्या पोटातच साचतं आणि वास मारतं. बाकी दोघांच्या आकड्यात हे कुठेच नव्हतं. काम दुसऱ्याला दिलं. म्हणजे येणं महत्त्वाचं नाही, टेप लावणं महत्त्वाचं, निदान माझ्यापुरतं.

जबाबदारीची रेघ

+१. आणि कंपनीचा माणूस म्हणजे डोळे झाकून बिनधास्त, असं समजू नका. आमच्याकडे कंपनीचाच आला होता. यंत्र छान बसवलं, पण पुढे जुनाच नालीदार लवचीक पाइप ठेवला. त्या घड्यांमध्ये दळलेला गाळ अडकतो, महिन्याभरात तुंबलं. फोन केला तर उत्तर, "यंत्राच्या तोंडापर्यंत आमची जबाबदारी." कडीपासून भिंतीपर्यंत सगळं कोण बघणार, हे आधी कागदावर लिहून घ्या. आतून गुळगुळीत, कडक पाइप हवा आणि त्याला भिंतीकडे उतार हवा. दोन भांड्यांचं सिंक असेल तर तेही आधी सांगा. जोड चुकीचा बसला तर एका भांड्यात दळलेलं दुसऱ्यातून वर येतं. आमच्याकडे पाहुण्यांसमोर आलं.

टाकीवाले

आमच्याकडे बसलंच नाही, तरी लिहितो. प्लंबरने आल्या आल्या विचारलं, सांडपाणी कुठे जातं? आमची सेप्टिक टाकी आहे. तो म्हणाला, दळलेलं सगळं टाकीच्या तळाशी गाळ म्हणून बसणार, टाकी लवकर उपसावी लागणार. आधी टाकीचा आकार आणि शेवटचा उपसा कधी झाला ते सांगा, मग ठरवू. शेवटचा उपसा कोणालाच आठवेना. आम्ही ओला कचरा खतालाच घालायचं ठरवलं. त्याने येण्याचेही पैसे घेतले नाहीत. पुढे बाथरूमचं सगळं काम त्यालाच दिलं.

(इमारतीत राहणाऱ्यांनी सामायिक पाइपाला परवानगी लागते का, तेही बघा. काही ठिकाणी या यंत्रांना बंदीच आहे.)

चमचा

आमच्याकडे आलेली तंत्रज्ञ बसवून झाल्यावर मला खाली बसवून शिकवूनच गेली. यंत्राच्या बुडाला लाल बटण असतं, मोटर तापून बंद पडली की थंड होऊ द्यायची आणि ते दाबायचं. तिथेच षटकोनी भोक आहे, अडकलं तर आधी वीज तोडायची आणि त्यात ॲलन की घालून पुढे-मागे फिरवायची. आत सुरीसारखी पाती नसतात हेही तेव्हाच कळलं. फिरत्या तबकडीवर बोथट दाते असतात, ते कचरा कडेच्या खरबरीत कड्यावर भिरकावतात आणि तिथे तो घासून बारीक होतो. चालवताना थंड पाणी सोडायचं, म्हणजे तूप-तेल घट्ट राहून दळलं जातं. गरम पाण्यात ते वितळतं आणि पुढे पाइपात जाऊन थिजतं. आठवड्याभरात आत चमचा पडला आणि मी कोणालाही न बोलावता काढला.

अवांतर: हे यंत्र १९२७ साली अमेरिकेत जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदाने बनवलं, पेटंट मिळालं १९३५ मध्ये. निदान त्याला तरी बसवायला माणूस शोधावा लागला नसेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. वायरमनदादा, शब्द मागे घेते.

नेहमीच्या प्लंबरला डिशवॉशरचा आणि गळतीचा प्रश्न विचारला. "एवढं काय असतं त्यात" असं उत्तर आलं. वाईट वाटलं, बारा वर्षांची ओळख आहे. नळाला त्यालाच बोलावीन.

दुसरा एक जण काल येऊन गेला. पाऊण तास होता, त्यातला अर्धा तास कपाटाच्या आत पाठीवर पडून, कपाळाला टॉर्च लावून. भिंतीतला पाइप दोन इंच खाली घ्यायचा आहे, लाइन वेगळी ओढायची आहे, त्यासाठी वायरमन तुम्ही वेगळा बघा म्हणाला. मग सिंकचं भोक मोजलं. यंत्राची कडी साडेतीन इंचाच्या भोकाची आहे, आमचं भोक त्याहून मोठं निघालं. जोडकडी मिळते का ते तो बघतोय. तोवर यंत्राचं खोकं उघडू नका म्हणाला, उघडलेलं परत घेत नाहीत.

मुलाने परवाच उघडलंय. ते त्याला अजून सांगितलेलं नाही.