मदत हवी आहे: जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क जातेय का?

कृष्णाकाठची
कॉम्प्युटर चार दिवसांपासून फार हळू चालतोय. एक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात, मध्येच सगळं अडकतं, फक्त माऊस हलतो. आतून टक् असा आवाजही येतो. दुकानदाराने फोनवरच सांगितलं, विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारून देतो, ५०० रुपये. संध्याकाळी न्यायचाय. हार्ड डिस्क गेलीय की विंडोज, एवढंच सांगा. जरा लवकर प्लीज.

बिट_बहाद्दर
कुठलं विंडोज? डिस्क किती जीबीची, किती वर्षं जुनी? आवाज सतत येतो की मधूनमधून? आणि आत महत्त्वाचं काय आहे, त्याची दुसरी कॉपी आहे का? हे सांगितल्याशिवाय कुणीही काहीही सांगेल.

जुना_मेकॅनिक
९० टक्के वेळा डिस्कला जोडणारी साटा केबल सैल असते. कॅबिनेट उघडा, केबल दोन्ही टोकांना काढून परत घट्ट बसवा. त्याच वेळी रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी टोकं खोडरबराने पुसा, पंख्यातली धूळ काढा. वीस वर्षं हेच करतोय.

नवी_मुंबईकर
एवढ्या जुन्या मशीनला एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. माझा २०१४ चा लॅपटॉप आता वीस सेकंदांत सुरू होतो.

कृष्णाकाठची
विंडोज ७. डिस्क ५०० जीबी, २०१२ मध्ये घेतलेला डेस्कटॉप. आवाज दोन-तीन मिनिटांनी एकदा येतो आणि तेव्हाच सगळं अडकतं. केबल बसवून पाहिली, फरक नाही. एसएसडी नंतर बघू, आधी आहे ते चालू व्हायला हवं.

डोंबिवली_लोकल
कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवा, स्लॅश आर लावून. रात्री लावून झोपा, सकाळी बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब तुकडे) दुरुस्त झालेले असतील. माझ्या ऑफिसच्या मशीनवर दोनदा केलंय.

बिट_बहाद्दर
ताई, चेकडिस्क अजिबात चालवू नका. मशीन सुरू होताना आपोआप चालू व्हायला लागलं तर कुठलंही बटण दाबून थांबवा. दुखावलेल्या डिस्कवर ते सगळी डिस्क वाचत बसतं, वर फाईल सिस्टममध्ये लिहितंही. वाचू शकणाऱ्या फाईलचे तुकडे होतात. आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, पेनड्राईव्हवरून चालणारी पोर्टेबल आवृत्ती घ्या. ०५, ०९, सी५, सी६ आणि सी७ या ओळींचे उजवीकडचे रॉ आकडे इथे टाका.

डोंबिवली_लोकल
माझं दोन्ही वेळा काम झालंय, म्हणून सांगितलं.

बिट_बहाद्दर
तुमच्या फाईल ऑफिसच्या सर्व्हरवर असतील. यांच्या कुठे आहेत ते अजून कळलेलं नाही.

कृष्णाकाठची
पिवळं 'कॉशन' दाखवतंय. ०५ समोर १८, ०९ समोर ५ए३सी, सी५ समोर ३८, सी६ समोरही ३८, सी७ समोर शून्य. बाकी पुढे नुसती शून्यं. १८ आणि ३८ म्हणजे फार नाही ना?

बिट_बहाद्दर
ते आकडे सोळाच्या पद्धतीत (हेक्साडेसिमल) आहेत, डावीकडचा अंक दहापट नाही, सोळापट धरायचा. १८ म्हणजे २४, ३८ म्हणजे ५६. २४ सेक्टर डिस्कने आधीच बाद करून राखीव जागेवर हलवलेत आणि ५६ सेक्टर तिला वाचताच येत नाहीयेत. ५ए३सी म्हणजे २३,१०० तास, दिवसरात्र धरलं तरी अडीच वर्षांहून जास्त फिरलीय. आवाज येतो तेव्हा डिस्कचं वाचणारं डोकं एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असतं, म्हणून विंडोज अडकतं. विंडोजचा यात दोष नाही. सी७ केबलचा आकडा असतो, तो शून्य आहे, म्हणजे केबल नाही.

जुना_मेकॅनिक
मान्य. पण एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कमजोर असला तरी डिस्क टक् करते, वीज कमी पडली की फिरकी मंदावते. तेही बघा.

पुणेरी_पाटी
डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, एकदा वाचेल तेवढ्यात कॉपी करा.

बिट_बहाद्दर
कृपया नको. बाहेर काढली की आतल्या प्लॅटरवर (फिरणाऱ्या तबकडीवर) दव धरतं, मग उरलंसुरलंही जातं. ताई, तुम्ही अजून सांगितलं नाहीत आत काय आहे ते.

कृष्णाकाठची
मला वाटलं ते महत्त्वाचं नाही, डिस्क चालू झाली की झालं.
आत माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. बाबांनी ऐंशीच्या दशकात टेपवर घेतलेल्या. ६० मिनिटांच्या ६२ कॅसेटी, २०१३ मध्ये एकेक वाजवून वेव्ह फाईल केल्या. कॅसेटी आता नाहीत. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत पाणी आलं तेव्हा खालच्या कपाटात होत्या. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. दुसरी कॉपी नाही.

बिट_बहाद्दर
मशीन आत्ता बंद करा. दुकानात नेऊ नका. फॉरमॅट मारलं असतं तर सगळं गेलं असतं.

ओवी_वेचणारी
ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यातल्या काही आता ऐकायला मिळतात. तुमच्या आजी कुठल्या गावच्या? माहेरच्या ओव्या होत्या की सासरच्या?

लिनक्सप्रेमी
सिस्टमरेस्क्यू (पेनड्राईव्हवरून चालणारं लिनक्स) पेनड्राईव्हवर टाका, त्यात खराब डिस्कवरून डेटा उचलणारं डीडीरेस्क्यू आधीपासून असतं. १ टीबीची नवी बाहेरची डिस्क आणा. जुनी डिस्क माऊंट न करता (म्हणजे तिच्यातल्या फाईली न उघडता) तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, नव्या डिस्कवर एका फाईलमध्ये घ्या. मॅप फाईल (कुठवर वाचलं त्याची नोंद) ठेवली की मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. नवी डिस्क एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये नको, त्यात ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही.

नवी_मुंबईकर
सगळी डिस्क कशाला? ६० मिनिटांची वेव्ह साधारण ६०० एमबी, ६२ म्हणजे ३७ जीबी. तेवढंच कॉपी करा, डिस्कला ताण कमी.

लिनक्सप्रेमी
खराब सेक्टरवर विंडोज मिनिटभर अडतं आणि शेवटी कॉपीच सोडून देतं. डीडीरेस्क्यू अवघड भाग बाजूला ठेवून आधी चांगला भाग उचलतं.

बिट_बहाद्दर
मीही प्रतिमेच्या बाजूने. मात्र स्रोत आणि लक्ष्य यांत गल्लत नको. दोन्ही डिस्कचं मॉडेल आणि आकार कागदावर लिहून मगच आज्ञा द्या. आवाज सतत टक्टक् व्हायला लागला तर लगेच बंद करून क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे जा. खर्च मोठा असतो, पण दुसरा रस्ता उरत नाही.

कृष्णाकाठची
भाच्याला बोलावलंय, त्याला लिनक्स येतं. ओवी_वेचणारी, आजी तासगावच्या बाजूची. भाऊबीजेच्या ओव्या जास्त आहेत. रात्री सांगते.

कृष्णाकाठची
दोन दिवसांनी लिहितेय. पहिल्या फेरीला सात तास लागले, यूएसबी जुनं असल्याने असेल. मग उरलेल्या भागावर तीन फेऱ्या. थोडा भाग वाचलाच नाही. भाच्याने प्रतिमेतून फाईली काढल्या, ६२ पैकी ६१ पूर्ण आहेत. १७ नंबरच्या फाईलमध्ये साधारण चार सेकंद आवाज नाही. तो म्हणाला, जे वाचलं नाही तिथे शून्यं भरलीत, म्हणून तिथे शांतता येते.
तीच फाईल बाबांना ऐकवली. शांतता आली तिथे ते थांबले नाहीत, तो चरण त्यांनी स्वतः म्हटला. पुढे पुन्हा आजीचा आवाज सुरू झाला.
आता दोन प्रती आहेत, एक बहिणीकडे जाईल. जुनी डिस्क काढून ठेवलीय, पुन्हा लावणार नाही.

ओवी_वेचणारी
तो चरण बाबांच्या आवाजात आजच रेकॉर्ड करून घ्या.

जुना_मेकॅनिक
नवी डिस्क लावताना एसएमपीएस तपासून घ्या, ताई.