वंश ही फक्त अमेरिकेचीच गोष्ट?

टेकडीकर:
कालच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "वंशभेद ही अमेरिकेची भानगड. आपल्याकडे जात आहे, वंश नाही. ते वंशाचं तत्त्वज्ञान तिकडेच ठेवा." वाचून झोप लागली नाही. १८७३ मध्ये आपल्याच पुण्याच्या जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामीविरुद्ध झटलेल्या लोकांना! अमेरिकेत एकेकाळी पणजोबा काळा असला तरी माणूस काळाच ठरायचा. ब्राझीलमध्ये तोच माणूस वेगळ्या रंगात मोजला जातो. मग एका देशाकडे बघून वंशाची व्याख्या कशी करणार?

पेठकरी:
तो प्रतिसाद माझाच. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहिलंय की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे. तुम्ही खिचडी करताय.

टेकडीकर:
रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकं मोजून जातींची उतरंड लावली, ती बाबासाहेबांनी खोडून काढली. वंशाची कल्पना इथे लागू पडते का, हे तपासणं म्हणजेच वंशाचं तत्त्वज्ञान. आणि ते अस्सल इथलं आहे.

डेक्कनवाली:
मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांना कसे विसरलात? बर्लिनला फिशर या जर्मन वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्या मोजल्या, पण गोरे श्रेष्ठ हा गुरूला हवा तो निष्कर्ष काढला नाही.

पेठकरी:
आणि इथे परत येऊन डोकी-नाकं मोजलीच की!

कोंढवेकर:
नाकं राहू द्या. एमएला माझ्याबरोबर सुदानचा मुलगा होता. त्याच्यासाठी सात घरं बघितली. फोनवर "या, या" म्हणायचे आणि दारात त्याला बघितलं की "आत्ताच गेलं हो". डिपॉझिट खिशात होतं. जात कुणीच विचारली नाही.

पेठकरी:
घरमालकाचंही ऐका. मी एका परदेशी मुलाला खोली दिली होती, तीन महिन्यांचं भाडं बुडवून गेला. नुकसान तुम्ही भरून देणार का?

कोंढवेकर:
मराठी भाडेकरूने कधीच बुडवलं नाही? तेव्हा मराठी माणसाला खोली देणं बंद केलंत?

पेठकरी:
आवाज चढवू नका. माझं घर, माझा निर्णय.

डेक्कनवाली:
आमच्या मजल्यावरच्या मणिपूरच्या मुलीला भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे 'चिनी' म्हणतात. परवा जिन्यात बसून रडत होती. तिचं दुखणं जातीत बसत नाही, अमेरिकेच्या काळ्या-गोऱ्यातही बसत नाही. ते मांडायला आपल्याकडे शब्द तरी आहे का?

पेठकरी:
बुडवलंय, मराठी भाडेकरूनेही. त्याच्यानंतर पुन्हा मराठीच ठेवला. ते सुदानी मुलाचं मनाला लागलं. पण जातीला वंश म्हणणार नाही.

टेकडीकर:
म्हणूच नका. "आपल्याकडे वंश नाही" एवढं मागे घ्या.

पेठकरी:
"अमेरिकेची भानगड" मागे घेतो. बाकीचं उद्या बोलू.