सिंबायोसिस लॉ स्कूल, पुणे: प्रवेश नेमका कसा?

बारावीनंतर पाच वर्षांचं एलएलबी करायचं आहे. राज्याची सीईटी दिली की सिंबायोसिसला चालते का?

प्रतिसाद १: नाही. हे अभिमत विद्यापीठ, त्यामुळे कॅपच्या (सीईटीवरून होणाऱ्या राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) यादीत ते सापडणार नाही. स्लॅट ही सिंबायोसिसची स्वतःची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते: ६० मिनिटांत ६० प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका, शेवटची दोन मिनिटं उरलेल्यांवर खुणा करायला राखून ठेवा. खरी गोची अर्जात होते. परीक्षेची फी भरली म्हणजे झालं असं लोक धरतात. पण पुणे, नोएडा, हैदराबाद, नागपूर यांपैकी हवी ती संस्था आणि बीए एलएलबी की बीबीए एलएलबी हे निवडून प्रत्येकाची नोंदणी फी वेगळी भरायची असते. ती राहिली की गुण चांगले असूनही मुलाखतीला नाव येत नाही.

प्रतिसाद २: शिवाय बार कौन्सिलचे नियम सगळीकडे सारखेच: ७० टक्के हजेरी, पाच वर्षांत किमान २० आठवडे इंटर्नशिप. फी मात्र भरमसाठ, वसतिगृह धरून पाचही वर्षांचा हिशेब आधी मांडा. सीईटीही द्याच, पुण्यातलंच आयएलएस विधी महाविद्यालय त्यातून मिळतं, आणि कोर्टात वकिली करायची असेल तर माझ्या मते तेच आधी बघावं.