जिमी पेज, क्रोली आणि रॉकमधला सैतान: श्रद्धा की दुकान?

उलटी_तबकडी:
जुलै २०२५ मध्ये ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला आणि तेच जुनं दळण पुन्हा सुरू झालं: ब्लॅक सॅबथ म्हणजे सैतानपूजा, लेड झेपलिन म्हणजे काळी जादू. माझ्या मते रॉकमधला सैतान हे निव्वळ दुकान. सॅबथचं आधीचं नाव 'अर्थ' (Earth, म्हणजे पृथ्वी). मग बोरिस कार्लॉफच्या १९६३ च्या भयपटाचं नाव उचललं, कारण लोक पैसे मोजून घाबरायला जातात हे यांनी हेरलं. पहिला अल्बम आला १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवार बघून. आतल्या पानावरचा उलटा क्रूस रेकॉर्ड कंपनीने बँडला न विचारता छापला. हे चौघे मात्र गळ्यात सरळ क्रूस घालून फिरत, ऑझीच्या वडिलांनी बनवलेले! तिसऱ्या अल्बममध्ये तर चक्क देवाची बाजू घेणारं गाणं आहे. कुठला आलाय गूढविद्येचा प्रभाव?

डोंबिवली_मेटलहेड:
सॅबथपुरतं मान्य. पण शीर्षकात झेपलिनचा गिटारवादक पेज याचं नाव आणि धाग्यात त्याच्यावर ओळ नाही, हे बरंय! ॲलिस्टर क्रोली हा इंग्रज गूढवादी १८९९ ते १९१३ स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवराकाठच्या बोलस्किन हाउसचा मालक होता. तिथे त्याने कित्येक महिन्यांची एक साधना मांडली आणि अर्धवट सोडली. पेजने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच घर घेतलं, १९९२ पर्यंत ठेवलं. लंडनला केन्सिंग्टनमध्ये गूढविद्येच्या पुस्तकांचं दुकान काढलं. आणि 'लेड झेपलिन ३' च्या पहिल्या तबकड्यांवर, गाणी संपल्यावर सुई फिरते त्या रिकाम्या पट्टीत, 'मनास येईल ते कर' हे क्रोलीचं वचन कोरलंय. जाहिरातच करायची तर माणूस कव्हरवर करेल, असं डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी कशाला?

उलटी_तबकडी:
त्या घरात तो राहिला किती? अगदी थोडा. पैसेवाल्या माणसाचा संग्रह हो. कोणी विंटेज गाड्या जमवतं, यानं क्रोली जमवला. आणि लपवलेली गोष्ट जास्त खपते. चौथ्या अल्बमच्या कव्हरवर बँडचं नावच नाही, आत चार चिन्हं आणि टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांमधला कंदीलवाला संन्यासी. पन्नास वर्षं लोक अर्थ लावतायत.

संशयात्मा:
दोघेही वाचायच्या गोष्टींवर भांडताय, ऐकायच्या कुठे आहेत? सॅबथच्या शीर्षकगीतातली ती 'सैतानी' सुरावट म्हणजे सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. यमनात तोच तीव्र मध्यम रोज लागतो, कुणाच्या घरात भूत शिरल्याचं ऐकिवात नाही.

खर्जातला:
@संशयात्मा, सूर तोच, वागणूक वेगळी. यमनात तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो, कानाला घर मिळतं. सॅबथचा गिटारवादक टोनी आयॉमी त्याच सुरावर थांबतो, तो थरथरवतो आणि परत खाली खर्जात. सुटका नाहीच. म्हणून पोटात गोळा येतो. यात पूजाबिजा काही नाही, पण भीतीची कारागिरी पक्की आहे आणि तिला नुसतं दुकान म्हणणं मला पटत नाही. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात सतराव्या वर्षी बोटांची टोकं तुटलेला माणूस वाजवतोय तो!

संशयात्मा:
पंचमाचा मुद्दा मान्य. पण मग ही आयॉमीची करामत झाली. क्रोलीचं श्रेय काय?

डोंबिवली_मेटलहेड:
क्रोलीचं श्रेय ऐकायचंय तर क्रोलीला मानणाऱ्या केनेथ अँगर या दिग्दर्शकाच्या 'लुसिफर रायझिंग' चित्रपटासाठी पेजने केलेलं संगीत ऐका. दोघांचं फाटलं, चित्रपटात ते वापरलंच नाही, पेजने २०१२ मध्ये स्वतः बाहेर काढलं. घुमणारे लांब सूर, गाण्याचा ढाचाच नाही. यातून कुणाची तिजोरी भरणार होती?
आणि शापाच्या गोष्टी इथे आणू नका. १९७७ मध्ये झेपलिनचा गायक प्लांट याचा लहान मुलगा आजारपणात गेला, १९८० मध्ये त्यांचा ड्रमर बॉनम दारूमुळे. त्यावर क्रोलीचं भूत बसवणं मला किळसवाणं वाटतं.

उलटी_तबकडी:
शापाबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी, लांब सूर म्हणजे गूढविद्या हे काही पटलं नाही. पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले होते. ते घुमणं तानपुऱ्याकडून आलं असेल, असं का नाही म्हणत?

डोंबिवली_मेटलहेड:
तानपुऱ्याकडूनही आलं असेल. पण तानपुरेवाल्याचं घर त्याने विकत घेतलं नाही ना!