पिल्लू घरी आणलं तेव्हा : फॉस्टर आणि दत्तक घेण्याचे अनुभव लिहा

दिवाळी सरली, पहाटे गारवा जाणवायला लागला की पुण्याच्या गल्लीबोळांत पिल्लं दिसू लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस बऱ्याच कुत्र्या माजावर येतात आणि साधारण 63 दिवसांनी त्यांना पिल्लं होतात. बांधकामाच्या वाळूआड, बंद दुकानाच्या पायरीखाली, उभ्या गाडीच्या चाकाशी. त्यातली बरीचशी मोठी होतच नाहीत.

अशा पिल्लांना निवारा केंद्रात नेऊन सोडलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. पण लस न झालेली पिल्लं एकत्र ठेवली की एकाचा आजार सगळ्यांना लागतो. त्यांना घर लागतं, काही आठवड्यांपुरतं का होईना. लशी होईपर्यंत, पोट भरून अंगात जरा बळ येईपर्यंत, कायमचं माणूस मिळेपर्यंत. मी कोथरूडमध्ये बरीच वर्षं हे करते आहे आणि माझं ठाम मत असं की आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण फॉस्टर घरांची, म्हणजे पिल्लू तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरांच्या कमतरतेची आहे. लोक घाबरतात. काय काय होईल हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

म्हणून हा धागा. ज्यांनी पिल्लू सांभाळलं, दत्तक दिलं किंवा घेतलं त्यांनी लिहा. खर्च, जागरणं, घरातले वाद, सोसायटी, निरोप, सगळं लिहा. फोटो नंतर टाका!

एक विनंती आधीच करते. आई जवळपास असेल आणि पिल्लं धडधाकट असतील तर ती उचलू नका. पहिले 8 आठवडे आईचं दूध आणि भावंडांचा सहवास त्यांना हवाच. आईला खायला घाला आणि पिल्लं दूध प्यायची थांबली की तिच्या नसबंदीचं बघा. पिल्लू जखमी असेल, आई मेली असेल, तर मात्र वाट बघू नका.

सदाशिव पेठ

आम्ही दोघंच घरी, दोघंही सत्तरी ओलांडलेले. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला, त्या दिवसांत आमच्या नातीच्या मित्रांनी नदीपात्राच्या कडेला भिजून कुडकुडणारं एक पिल्लू उचललं. सगळी हॉस्टेलवर राहणारी मुलं. नातीने विचारलं, "आजोबा, थोडे दिवस ठेवाल?" हिने माझ्याकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आत जुना टॉवेल काढला.

एक गोष्ट सांगतो, कारण ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती. पिल्लू खाईना. वाडगं समोर, वास येतोय, तोंडाला पाणी सुटलंय, आणि ते दाराजवळच्या पायपुसण्यावरून हलेना. डॉक्टरांना फोन करायच्या बेतात होतो. मग हिच्या लक्षात आलं की त्याला फरशीची भीती वाटते आहे. एक पाय टाकायचं, पाय बाहेर फाकायचा, की पुन्हा पायपुसण्यावर. मातीत वाढलेल्या जिवाला गुळगुळीत टाइल्स काय माहीत! हिने माळ्यावरची जुनी सतरंजी काढली, पट्ट्या कापल्या आणि पायपुसण्यापासून वाडग्यापर्यंत अंथरल्या. पोट जमिनीला घासत, नखं रुतवत ते त्या पट्टीवरून गेलं आणि वाडगं चाटून पुसून स्वच्छ केलं. पुढे आम्ही रोज पट्ट्यांमधलं अंतर वाढवत गेलो.

खाण्याचा प्रश्न होताच. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. गाईचं दूध देऊ नका, पिल्लांना ते पचत नाही, जुलाब होतात, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांनी पिल्लांसाठीचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून द्यायला सांगितलं आणि आमची अडचण मिटली. तेव्हा शाकाहारी घर आहे म्हणून मागे हटू नका.

लशीचा दुसरा डोस झाल्यावर ते पाषाणच्या एका कुटुंबात गेलं. हिने सासरी निघालेल्या मुलीसारखं त्याचं सामान बांधलं. लशीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा आणि सतरंजीची एक पट्टी, न धुतलेली. ओळखीचा वास सोबत असला की नव्या घरी पहिल्या रात्री रडणं कमी होतं. त्यांनी तसं कळवलंही.

हडपसर

मी नर्स आहे. मला पार्व्होबद्दल, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या एका विषाणूच्या आजाराबद्दल लिहायचं आहे, कारण फॉस्टर करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं.

गाडीतळाजवळून आणलेली तीन भावंडं माझ्याकडे होती, लस अजून व्हायची होती. संध्याकाळी सगळ्यात लहान पिल्लाने जेवण सोडलं. रात्री उलट्या, पहाटे रक्ताचे जुलाब. त्याचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. पार्व्होच्या विषाणूवर थेट औषध नाही. शिरेतून सलाइन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, आतड्यातून रक्तात जंतू पसरू नयेत म्हणून अँटिबायोटिक, पिल्लाला ऊब, आणि त्याच्या शरीराने झुंज द्यायची. पांढऱ्या पेशी झरझर उतरतात. दोघं वाचली. लहान गेलं. माझ्या मांडीवर गेलं, आणि आजही लिहिताना हात थांबतो आहे.

हे लक्षात ठेवा. लहान पिल्लाने एक जेवण सोडलं आणि ते मलूल पडलं, तर दुसऱ्या जेवणाची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. नेहमीच्या फिनाईलने मरेल या भरवशावर राहू नका. फरशी आधी धुऊन मग 30 भाग पाण्यात 1 भाग ब्लीच घालून त्याने 10 मिनिटं ओली ठेवावी लागते. आधीच्या पिल्लाला पार्व्हो झालेल्या घरात लशी पूर्ण न झालेलं नवं पिल्लू आणू नका. पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं झालं की लस सुरू होते आणि 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी द्यावी लागते. एका डोसवर पिल्लू सुरक्षित होत नाही. तोवर त्याला रस्त्यावर, बागेत खाली सोडू नका. कडेवर घेऊन जरूर हिंडवा, रिक्षा, माणसं, कुकरची शिट्टी सगळं त्याला कळू द्या. साधारण 14 आठवड्यांपर्यंत जे ओळखीचं होतं त्याची पुढे सहसा भीती वाटत नाही.

कात्रज

काळी पिल्लं आणि माद्या यांना घर मिळायला फार वेळ लागतो. "नर आहे का? ब्राऊन आहे का?" हेच फोन. माझ्याकडची काळी कुट्ट मादी सगळ्यांत शेवटी उरली. मग आईच म्हणाली, आता हिला कुठे पाठवायचं नाही. मादी घेतली तर पाळीची, पिल्लांची कटकट नको असं म्हणणाऱ्यांना सांगते, नसबंदी केली की दोन्ही प्रश्न संपतात.

धायरी

चावण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पिल्लं खेळताना दात लावतात, सुईसारखे 28 दुधाचे दात असतात. माझ्या हातातून रक्त आलं. शेजारचे काका म्हणाले, "एवढंसं पिल्लू, त्याला कसला रेबीज?" पण लहान पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि रेबीजची लस त्याला 3 महिन्यांनंतरच मिळते. मी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुतली आणि सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू केली. पिल्लू ठणठणीत राहिलं. तरीही मी पुन्हा हेच करेन. लक्षणं दिसू लागल्यावर या आजारातून माणूस जवळपास वाचतच नाही. नेहमी फॉस्टर करणार असाल तर डॉक्टरांना विचारून आधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवा. आणि घरात लहान मूल असेल तर त्याला दटावू नका, नाहीतर पिल्लाने ओरखडलं तरी ते सांगणार नाही.

बाणेर

सोसायटीचा अनुभव. आम्ही पिल्लू आणलं तेव्हा कमिटीने पत्र दिलं की सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे, कुत्री पाळायची नाहीत. जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. मी तसं लेखी उत्तर दिलं, लशीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना जोडला.

पण खरा फरक पडला तो चौथ्या मजल्यावरच्या काकूंशी बोलल्यावर. त्यांना लहानपणी कुत्रं चावलं होतं, लिफ्टमध्ये कुत्रं दिसलं की त्यांना घाम फुटायचा. मी त्यांना म्हटलं, तुम्ही लिफ्टमध्ये असाल तेव्हा आम्ही थांबू. आजही थांबतो. त्यांनीच पुढच्या सभेत सांगितलं की माझी काही तक्रार नाही. कायदा आपल्या बाजूने असतो तेव्हासुद्धा शेजाऱ्याची भीती खरी असते, ती ऐकून घ्यावी लागते. आणि विष्ठा उचलायची पिशवी खिशात हवी म्हणजे हवीच.

कोथरूड, डहाणूकर कॉलनी

आम्ही आठ महिन्यांचा घेतला. इतका मोठा कुणी घेत नाही, पण घ्यावा. दात पडून झालेले, शी-शूचं वळण लवकर लागतं, आकार काय होणार ते दिसतंच. अवघड होतं ते वेगळंच. केरसुणी हातात घेतली की तो पलंगाखाली. पहिले तीन दिवस घाबरण्यात, तीन आठवडे घर समजण्यात, तीन महिने आपलं मानण्यात जातात असा अंदाज हे काम करणारी जुनी माणसं देतात. आमच्याकडे त्याहून जास्त वेळ लागला.

गणपतीत ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की आम्ही आतल्या खोलीच्या खिडक्या लावून पंखा मोठा करतो आणि त्याच्याजवळ नुसते बसतो. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी त्याला फिरवून आणतो. त्या दिवसांत पट्ट्यावर फोन नंबर हवाच, कारण घाबरून पळालेलं कुत्रं स्वतःहून घरी परतेलच असं नाही. वेताळ टेकडीवर मोर आहेत, तिथे दोरी सोडू नका. पावसाळ्यानंतर टेकडीवरून आलं की कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड बघायची. ताप, नाकातून रक्त, हिरड्या फिक्या दिसल्या तर लगेच रक्त तपासून घ्या.

विश्रांतवाडी

आम्ही दोघंही नोकरीला, भाड्याचं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंना कुत्र्याची सवय नाही पण विरोधही नाही. एक पिल्लू बघून ठेवलंय. घ्यावं का?

कोथरूड (धागा काढणारी)

ताई, दत्तक आत्ता नको, फॉस्टर जरूर करा. आधी घरमालकाची परवानगी लेखी घ्या, आम्ही दत्तक देतानाही तीच पहिली मागतो. बाल्कनीच्या गजांमधून पिल्लाचं डोकं जात असेल तर जाळी लावा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चारदा खायला लागतं, तेव्हा दुपारी घरी कोण असणार ते ठरवा. सासूबाईंवर टाकणार असाल तर त्यांनाच विचारा, लगेच उत्तर मागू नका, एकट्याने विचार करायला वेळ द्या. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट पिल्लाच्या तोंडाच्या टप्प्यात राहणार नाही हेही त्यांना सांगा. डॉक्टरांचा खर्च कोण करणार हे ज्या संस्थेकडून पिल्लू घ्याल तिच्याशी आधीच बोलून घ्या. फॉस्टरचा खर्च बरेचदा संस्था उचलते.

लशी झाल्या आणि तरी घर हसतं राहिलं, तर दत्तकाचा फॉर्म मीच तुमच्याकडे घेऊन येते. कोणत्या पिल्लाबद्दल म्हणताय? आंबेडकर चौकाजवळचं असेल तर त्याची आई अजून तिथेच आहे, आधी तिला नसबंदीसाठी पकडायची सोय करू.