फौंड्री आणि साखर कारखाना: अपघातांची तुलना कशी करावी?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीतील फौंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना) आणि सांगली भागातील साखर कारखाना यांपैकी धोका कुठे अधिक, हे केवळ जखमींच्या संख्येवरून ठरवता येईल का?

उत्तर १: नाही. गळीत हंगाम काही महिनेच चालतो, म्हणून दर १० लाख मनुष्य-तासांमागे (सर्व कामगारांनी मिळून काम केलेल्या तासांमागे) अपघात मोजावेत. शिवाय १९४८ च्या कारखाने अधिनियमात ४८ तास वा अधिक काळ काम थांबवणारी दुखापतच कळवणे बंधनकारक होते. वितळलेल्या लोखंडाच्या शिंतोड्याने पोळलेला कामगार पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी हजर झाला, तर तो आकड्यांत येत नसे.

उत्तर २: आजारांचे आकडे याहून फसवे असतात. साच्याच्या वाळूच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार बहुधा अनेक वर्षांनी उघड होतो. ऊसतोड मजूर तर कारखान्याच्या हजेरीपटावरच नसतात. त्यांच्या कोयत्याच्या जखमा कारखान्याच्या आकड्यांत मोजल्या जात नाहीत, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ऊसतोडीचा विचार स्वतंत्रपणे करतो.